छोट्या वेब एजन्सीसाठी लीड मिळवण्याचं ऑटोमेशन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादरला आम्हा चौघांची वेब एजन्सी आहे. दोघं कोड लिहितात, एकजण डिझाइन बघते आणि क्लायंटशी बोलणं, कोटेशन, वसुली हे सगळं माझ्याकडे. नवं काम आणि लीड, म्हणजे काम देऊ शकतील अशी संभाव्य गिऱ्हाइकं, शोधणंही त्यातच आलं. गेली काही वर्षं त्या शोधातला बराच भाग आम्ही स्क्रिप्टवर, म्हणजे आपोआप चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर, सोपवत आलो आहोत. फ्रीलान्स करणारे मित्र आणि नुकतीच एजन्सी काढलेली मुलं त्याबद्दल जे पुन्हा पुन्हा विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

लीड मिळवणं ऑटोमेट करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

बहुतेकांच्या डोळ्यासमोर एकच चित्र असतं : बटण दाबलं की हजार जणांना मेल. त्या वाटेने आम्ही गेलो होतो आणि त्याची किंमतही मोजली, ते पुढे येईलच. यंत्र तीन कामं चोख करतं. पाळत ठेवतं, चाळून देतं आणि आठवण करतं. कोणाला लिहायचं आणि पहिलं वाक्य काय लिहायचं, हे मात्र माणसानेच ठरवायला हवं. समोरच्याने आपलं पत्र वाचावं असं वाटत असेल, तर आधी आपण त्याची साइट वाचलेली असली पाहिजे.

आमची कामं ओळखीतूनच येतात. मग ही उठाठेव कशाला?

ओळखीतून आलेलं काम सगळ्यांत चांगलं. घासाघीस कमी होते, पैसे वेळेवर येतात. पण ती कामं आपल्या सोयीने येत नाहीत. एका महिन्यात तीन येतात आणि पुढचे दोन महिने कोरडे जातात. कोरड्या महिन्यात आपण पडेल त्या भावात काम घेतो आणि तेच काम पुढे सहा महिने गळ्यात राहतं.

आणि खरं सांगू का, ऑटोमेशनचा पहिला मान ओळखीच्याच लोकांना द्यावा. आमची पहिली स्क्रिप्ट जुन्या क्लायंटसाठीच होती. प्रत्येकाच्या डोमेनची आणि होस्टिंगची मुदत शीटमध्ये आहे. मुदत संपायला तीस दिवस उरले की मला मेल येतो. मी फोन करतो, नूतनीकरणाचं बोलतो, धंदा कसा चाललाय विचारतो. त्याच फोनवर कितीदा तरी ऐकलंय, ‘बरं झालं फोन केलास, भावाच्या क्लिनिकची साइट करायची आहे.’

सुरुवात कशाने करावी?

गूगल शीटने. सीआरएम, म्हणजे गिऱ्हाइकांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, विकत घ्यायची घाई करू नका. आमच्या शीटमध्ये सात रकाने आहेत : नाव, साइट, कुठून कळलं, काय बिघडलंय, शेवटचं बोलणं कधी झालं, पुढची तारीख, स्थिती. यातला ‘काय बिघडलंय’ हा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. तो एका साध्या वाक्यात भरायचा आणि रिकामा असेल तर त्या माणसाला पत्र जाणार नाही, असा आमचा नियम आहे.

या शीटला अ‍ॅप्स स्क्रिप्ट, म्हणजे गूगलच्याच सेवेत चालणारा छोटा कोड, जोडलेली आहे. रोज सकाळी ती चालते, ज्यांची ‘पुढची तारीख’ आज आहे अशा ओळी काढते आणि मला एका मेलमध्ये पाठवते. सर्व्हर लागत नाही, पैसे लागत नाहीत. तीसेक ओळींचा कोड आहे. पण त्या मेलमुळे कितीतरी विसरलेली कोटेशनं पुन्हा मार्गी लागली.

लीड शोधायच्या कुठे? सगळे एकाच ठिकाणी तुटून पडलेले असतात.

मुंबईत राहून आपल्याला जे सहज दिसतं, ते बाहेरच्याला दिसत नाही. त्याचा फायदा घ्या.

आमचा आवडता स्रोत म्हणजे ट्रेडमार्क जर्नल. ट्रेडमार्क रजिस्ट्रीचं मुख्य कार्यालय अँटॉप हिलला आहे आणि जर्नल दर सोमवारी ऑनलाइन प्रसिद्ध होतं. नोंदणीच्या वाटेवर असलेल्या नव्या ब्रँडची नावं, अर्जदाराचं नाव, पत्ता आणि माल-सेवेचा वर्ग त्यात असतो. वर्ग ३० म्हणजे मसाले, चहा, बेकरीचे पदार्थ. २५ म्हणजे कपडे. १४ म्हणजे दागिने. ज्याने नाव नोंदवायला पैसे खर्च केले, तो त्या नावाने काहीतरी उभं करणार आहे हे उघड आहे. पीडीएफ उतरवून घ्यायची, आपल्याला हवे ते वर्ग घ्यायचे आणि मजकुरात ४०० ने सुरू होणारे पिनकोड शोधायचे, एवढंच स्क्रिप्टचं काम. मुंबई, ठाणे, नवी मुंबई यात येतात. इथे एक खाचखळगा आहे. नोंदीत अर्जदाराच्या पत्त्याखाली बऱ्याचदा त्याच्या एजंटचा किंवा वकिलाचाही पत्ता असतो. वकील फोर्टमध्ये आणि अर्जदार सुरतेत, अशा नोंदी आमच्या पहिल्या यादीत ढिगाने आल्या होत्या. म्हणून स्क्रिप्टला फक्त अर्जदाराचा पत्ता बघायला शिकवा. शिवाय अर्ज करणं आणि जर्नलमध्ये छापून येणं यात काळ गेलेला असतो, तेव्हा त्या नावाची साइट आधीच झाली आहे का हे तपासून मगच शीटमध्ये ओळ घाला.

दुसरा स्रोत नियमांचा. सेबीने ३१ जुलै २०२५ रोजी परिपत्रक काढून आपल्या नियमनाखालच्या संस्थांना वेबसाइट आणि अ‍ॅप दिव्यांगांना वापरता येतील असे करायला सांगितलं. ब्रोकर, गुंतवणूक सल्लागार, रिसर्च अ‍ॅनालिस्ट हे सगळे त्यात आले आणि त्यांच्या नोंदणीच्या याद्या सेबीच्या साइटवर सगळ्यांसाठी खुल्या आहेत. फोर्टपासून बोरिवलीपर्यंत एक-दोन माणसांची कितीतरी सल्लागार कार्यालयं आहेत, ज्यांच्याकडे हे काम करायला कोणी नाही. मात्र हे काम शिकून मगच मागा. स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून स्वतः एक फॉर्म भरून बघा. आमच्या डिझायनरने पहिल्यांदा डोळे मिटून केवायसीचा फॉर्म भरायचा प्रयत्न केला, तेव्हा ‘बटण, बटण, बटण’ एवढंच ऐकू येत होतं. बटणांना नावंच दिलेली नव्हती. ती गोष्ट ती आजही प्रत्येक क्लायंटला सांगते, आणि तिला जे उमगलं ते कुठल्याही चेकलिस्टने आम्हाला शिकवलं नसतं.

बांधकाम क्षेत्रातल्या लीडसाठी महारेरा बघा. नवे प्रकल्प जिल्ह्यानुसार शोधता येतात. पुनर्विकासाची लाट आहे, छोट्या विकासकाला प्रकल्पाचं पान आणि चौकशीचा फॉर्म हवा असतो. मी हे आठवड्यातून एकदा हाताने बघतो. अर्ध्या तासाचं काम आहे, त्याला स्क्रिप्ट कशाला?

परदेशातली कामं हवी असतील तर थेट क्लायंटच्या मागे लागण्यापेक्षा तिथल्या आपल्याएवढ्याच एजन्सींना लिहा. त्यांच्याकडे काम जास्त आणि हात कमी, अशी वेळ येतच असते. युरोपियन अ‍ॅक्सेसिबिलिटी अ‍ॅक्ट २८ जून २०२५ पासून लागू झाल्यानंतर तर तिकडच्या ई-कॉमर्स साइट्सना हेच दुरुस्तीचं काम करून घ्यावं लागतंय.

गूगल मॅप्सवरून सगळ्या दुकानांची यादी ओढून घेतली तर?

गूगलच्या अटींमध्ये ते बसत नाही. त्यांचा प्लेसेस एपीआय (आपल्या प्रोग्रामला थेट माहिती देणारी सोय) पैसे मोजून वापरता येतो, पण त्यातून मिळालेली माहिती साठवून ठेवण्यावरही बंधनं आहेत. अटी नीट वाचा.

अटी बाजूला ठेवल्या तरी आणखी एक अडचण आहे. ‘वेबसाइट नाही’ याचा अर्थ ‘वेबसाइट हवी आहे’ असा होत नाही. मंगलदास मार्केटमधल्या ज्या व्यापाऱ्याचा सगळा माल ठरलेल्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवून जातो, त्याला साइटची निकड नाही. ज्याची साइट आहे आणि ती त्याचं नुकसान करतेय, तो जास्त चांगली लीड.

साइट बिघडलेली आहे हे यंत्राला कसं कळणार?

बरंचसं कळतं. साइटचा वेग तपासणाऱ्या गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्सचा एपीआय फुकट आहे. पान किती वेळात दिसतं, मोबाइलवर ते हलतं का, दाबल्यावर प्रतिसाद किती उशिरा मिळतो हे तो सांगतो. मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा आणि दाबल्यावरचा प्रतिसाद २०० मिलिसेकंदांच्या आत यावा, अशी गूगलची ‘चांगल्या’ साइटची व्याख्या आहे. याखेरीज एसएसएल प्रमाणपत्राची (साइट सुरक्षित असल्याच्या दाखल्याची) मुदत, तुटलेल्या लिंक आणि सर्व्हर सांगत असेल तर पीएचपीची, म्हणजे साइट ज्या भाषेत चालते तिची, आवृत्ती स्क्रिप्ट तपासू शकते. पीएचपी ७.४ ला नोव्हेंबर २०२२ पासून सुरक्षा दुरुस्त्या मिळत नाहीत, तरी त्यावर चालणाऱ्या साइट्स अजून सापडतात.

एक व्यावहारिक गोष्ट. अ‍ॅप्स स्क्रिप्टची एक फेरी सहा मिनिटांत तोडली जाते आणि पेजस्पीडला एकेका साइटसाठी बराच वेळ लागतो. म्हणून एका फेरीत दहाच साइट घ्या, कुठपर्यंत आलो ते शीटमध्ये लिहा आणि पुढची फेरी तिथून सुरू करा.

पण पेजस्पीड साइटला देतं तो स्कोअर म्हणजे लीड नव्हे. तो दर वेळी थोडा बदलतोही. पत्रात ‘तुमचा स्कोअर ३४ आहे’ असं लिहू नका, दुकानदाराला त्याचं काय? आकड्यांनी यादी पन्नासवरून आठवर आणायची आणि मग ती आठ पानं आपल्या मोबाइलवर, लोकलमध्ये नेट लटकत असताना, स्वतः उघडून बघायची. गिऱ्हाईक तसंच बघतं.

एआयकडून पत्रं लिहून घ्यावीत का?

आम्ही एआय वापरतो ते चाळण्यासाठी. साइटवरचा मजकूर देऊन विचारतो, हे काय विकतात, कोणाला विकतात, ऑर्डर कशी घेतात. उत्तर शीटमध्ये जातं. पत्र माणूस लिहितो. कारण ‘तुमच्या डिजिटल प्रवासात आम्ही तुमचे भागीदार होऊ इच्छितो’ अशी वाक्यं सगळ्यांकडे रोज येतात आणि ती वाचली जात नाहीत.

लालबागच्या मिरची गल्लीच्या आसपास मसाल्याचा धंदा असणाऱ्या एकांना आम्ही लिहिलेलं पत्र जवळजवळ असं होतं :

‘नमस्कार. तुमच्या साइटवर मालवणी मसाल्याखाली “ऑर्डर करा” हे बटण आहे. ते दाबलं की व्हॉट्सअ‍ॅप उघडतं, पण नंबर चालत नाही असं सांगतं. लिंकमध्ये तुमच्या नंबराआधी ९१ घालायचं राहून गेलंय. ज्यांनी साइट केली त्यांना सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. कोणी नसेल तर आम्ही करून देऊ, त्याचे पैसे नकोत. आम्ही दादरला असतो.’

बस, एवढंच. खाली नाव आणि फोन नंबर. त्यांचा त्याच दुपारी फोन आला. आधी त्यांना खरंच वाटेना. मग त्यांनी स्वतःच्या फोनवर बटण दाबून बघितलं आणि काही क्षण बोललेच नाहीत. किती महिने ऑर्डरी अशा परत गेल्या असतील, हेच त्यांच्या मनात आलं असणार. ती दुरुस्ती आम्ही फुकट केली. पुढे दिवाळीच्या आधी त्यांची पूर्ण साइट नव्याने आमच्याकडे आली.

तुटलेली लिंक स्क्रिप्टने शोधली होती. व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंकमध्ये नंबर दहाच आकडी असेल तर ती ओळ लाल होते, इतका साधा नियम.

अपवर्क या फ्रीलान्स कामांच्या साइटवर बॉट बसवून प्रपोजल पाठवता येतात का?

करू नका. आपोआप प्रपोजल टाकणं त्यांच्या नियमांविरुद्ध आहे आणि खातं गेलं की वर्षानुवर्षं जमवलेले रिव्ह्यू गेले. प्रत्येक प्रपोजलला कनेक्ट्स (त्यांची विकत घ्यायची टोकनं) लागतात, म्हणजे आंधळेपणाने पाठवणं खिशालाही परवडत नाही. पूर्वी आरएसएस फीडवरून (साइटवर नवं आलेलं आपोआप कळवणाऱ्या सोयीवरून) नव्या कामांची सूचना घेता यायची, ती सोय त्यांनी २०२४ मध्ये बंद केली. आता शोध साठवून ठेवायचे आणि सूचना चालू ठेवायच्या. एपीआयसाठी अर्ज करता येतो. आम्ही मेलवर येणाऱ्या सूचना जीमेलच्या लेबलमध्ये वळवतो, स्क्रिप्ट त्यातून वर्डप्रेस, शॉपिफाय असे शब्द आणि बजेट बघून शीटमध्ये टाकते. पुढचं काम हाताने.

आणि लिंक्डइन?

तिथेही बॉट आणि माहिती ओढणारी एक्स्टेन्शन्स नियमांविरुद्ध आहेत. आठवड्याला दोन तास स्वतः बसा.

कोणतं साधन घ्यावं : झॅपियर, मेक की एनएटएन?

ही तिन्ही वेगवेगळ्या सेवा जोडून कामं आपोआप करून देणारी साधनं. झॅपियर सोपं आहे, पण कामं वाढली की बिल वाढतं. मेक त्यामानाने स्वस्त पडतं. एनएटएन (n8n) स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं, तुम्ही वेबवाले आहात तर एखादा छोटा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) तुमच्याकडे असेलच. आम्ही अ‍ॅप्स स्क्रिप्टवर सुरू केलं आणि जर्नलच्या पीडीएफचं काम आल्यावर एनएटएनवर गेलो. साधनावर महिनाभर वाद घालण्यात अर्थ नाही.

आमचे मेल स्पॅममध्ये जातात. काय चुकतंय?

इथे आमचीच चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात आम्ही एक तयार यादी विकत घेतली आणि एका संध्याकाळी आमच्या मुख्य डोमेनवरून जवळपास चारशे मेल सोडले. अर्धे पत्ते मेलेले होते. पुढच्या आठवड्यात एका जुन्या क्लायंटचा फोन आला, ‘इन्व्हॉइस पाठवणार होतात ना?’ इन्व्हॉइस गेलं होतं, त्यांच्या स्पॅममध्ये पडलं होतं. मग एकेका क्लायंटला फोन करून ‘स्पॅम बघा’ सांगत बसलो. डोमेनची पत परत यायला दोन महिने लागले आणि त्या दोन महिन्यांत पगार कसे झाले ते आम्हाला माहीत आहे. विकतची यादी घेऊ नका, हे मी हात जोडून सांगतो.

आता तांत्रिक बाजू. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या, मेल खरंच तुमच्याच डोमेनवरून आला आहे हे पटवणाऱ्या, तिन्ही नोंदी डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदवहीत) नीट असल्या पाहिजेत. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने नियम कडक केले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही सक्तीचं झालं आणि एका क्लिकमध्ये यादीतून बाहेर पडण्याची सोयही द्यावी लागते. आपण तेवढे पाठवत नाही, तरी तिन्ही ठेवा. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली राहिल्या पाहिजेत. म्हणजे हजारात तीन. शंभर मेल पाठवणाऱ्याकडे एकाने जरी स्पॅम दाबलं तरी तो त्या रेषेच्या वर गेला.

अनोळखी लोकांना लिहायला वेगळं डोमेन ठेवा, म्हणजे इन्व्हॉइसचा रस्ता स्वच्छ राहतो. दिवसाला दहा-पंधरा पत्रं पुरतात. खरं तर साइट बघून लिहायचं ठरवलं तर त्याहून जास्त होतही नाहीत.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं तर लवकर बघतात ना?

बघतात आणि ब्लॉकही करतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या बिझनेस धोरणानुसार समोरच्याची आधी संमती लागते. बिझनेस अ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅप जुन्या क्लायंटसाठी आणि ज्याने स्वतःहून चौकशी केली त्याच्यासाठी ठेवा. लेबलं वापरा : ‘कोटेशन दिलं’, ‘अ‍ॅडव्हान्स बाकी’.

कायद्याचं काय?

एसएमएस आणि फोनवरच्या जाहिरातीला दूरसंचार नियामक ट्रायचे २०१८ चे नियम आहेत. नोंदणी न करता व्यावसायिक एसएमएस पाठवता येत नाही, आणि डीएनडी (जाहिराती नकोत अशी ग्राहकाची नोंद) असतेच. आम्ही त्या वाटेला जात नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. ज्याने स्वतःची माहिती स्वतःच जाहीर केली आहे, ती या कायद्याच्या बाहेर राहते. म्हणून साइटवर दिलेला कार्यालयाचा ईमेल वापरा, कोणाचा खासगी नंबर खोदून काढू नका.

अमेरिकेत कॅन-स्पॅम कायद्यानुसार खरा विषय, आपला टपाल पत्ता आणि ‘नको’ म्हणायची सोय द्यावी लागते. जर्मनीत संमतीशिवाय जाहिरातीचा मेल धंद्याच्या पत्त्यावरही चालत नाही. तिथे एजन्सींच्या साइटवर ‘फ्रीलान्सर हवेत’ असा फॉर्म असेल तर तोच भरा.

पत्र कधी पाठवायचं?

परदेशासाठी घड्याळ सोपं आहे. लंडनमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे त्यांच्या उन्हाळ्यात दीड आणि हिवाळ्यात अडीच. न्यूयॉर्कचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. जीमेलमध्ये शेड्यूल करा आणि घरी जा.

मुंबईचं घड्याळ वेगळं. गणपतीत दादर-लालबाग पट्ट्यात कोणी मेल वाचत नाही. दिवाळीत बाजारपेठेतला व्यापारी लाभपंचमीनंतरच नव्या कामाचं बोलतो. आमच्या स्क्रिप्टमध्ये या तारखांची छोटी यादी आहे. ‘पुढची तारीख’ त्यात पडली तर ती आपोआप पुढे ढकलली जाते. मार्चअखेरीस सीए लोकांच्या वाटेला जाऊ नये.

किती वेळा फॉलोअप करावा?

दोनदा. पहिला सहा-सात दिवसांनी, दुसरा तीन आठवड्यांनी. प्रत्येक वेळी काहीतरी नवं सांगायला हवं. ‘माझा मेल मिळाला का?’ हे फॉलोअप नव्हे. उत्तर आलं की स्क्रिप्टने उरलेले फॉलोअप ताबडतोब थांबवलेच पाहिजेत. ‘नको’ म्हणणाऱ्याचं नाव पुसू नका, स्थितीत ‘लिहू नये’ असं भरा. पुसलं तर पुढच्या सोमवारी तेच नाव पुन्हा यादीत येईल.

लीड येतात, पण कामं होत नाहीत. का?

आधी स्वतःचा संपर्क फॉर्म भरून बघा. चेष्टा नाही, कितीतरी वेब एजन्सींचे फॉर्म स्वतःचेच चालत नाहीत. आमच्याकडे फॉर्म भरला की शीटमध्ये ओळ पडते, माझ्या फोनवर सूचना येते आणि समोरच्याला ‘आज संध्याकाळी सातपर्यंत फोन करतो’ असा मेल जातो. मी त्या वेळेत फोन करतोच. ज्याला साइट हवी आहे त्याने आपल्याबरोबर आणखी दोघा-तिघांना विचारलेलं असतं, आणि पहिला फोन ज्याचा येतो त्याच्याशी तो मोकळेपणाने बोलतो.

मग पहिल्या फोनवरच तीन गोष्टी विचारा. निर्णय कोण घेणार? साइट कधीपर्यंत हवी आणि त्या तारखेला काय आहे? मजकूर आणि फोटो कोण देणार? तिसऱ्या प्रश्नावर जो अडखळतो, त्याचं काम तीन महिने लांबतं, म्हणून मजकुराचे पैसे कोटेशनमध्ये वेगळे धरा. अ‍ॅडव्हान्सशिवाय सुरुवात नाही. उद्यम नोंदणी केलेली नसेल तर करून ठेवा, फुकट आहे. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यायचं बंधन कायद्याने खरेदीदारावर आहे, आणि इन्व्हॉइसवर उद्यम क्रमांक दिसला की मोठ्या कंपनीचा हिशेब विभाग ते गांभीर्याने घेतो.

मी एकटाच आहे. आठवड्याला किती वेळ द्यावा?

सोमवारी एक तास जर्नल आणि याद्यांना. मंगळवार ते गुरुवार रोज चाळीस मिनिटं, त्यात तीन साइट्स नीट बघून तीन पत्रं. शुक्रवारी जुन्या क्लायंटना दोन फोन. स्क्रिप्ट बसवायला पहिले दोन शनिवार जातील. काम भरपूर असतानाही हे थांबवू नका, पत्रं तीनऐवजी एक करा.